बंद पेटीचा बाजार : व्हिडिओ गेममधली नशिबाची विक्री आणि कायद्याची धडपड

9 मार्च 2022 रोजी नेदरलँड्समधल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने एका अमेरिकी कंपनीला ठोठावलेला 1 कोटी युरोंचा दंड रद्द केला. कंपनी होती इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, खेळ होता ‘फिफा’ आणि वाद होता त्या खेळात विकल्या जाणाऱ्या खेळाडूंच्या ‘पॅक’चा. पॅक पैसे देऊन घ्यायचा, उघडायचा आणि आतून मेसी निघतो की कुणी अनोळखी बचावपटू, हे नशिबावर सोडायचं. पॅक उघडणं हा स्वतंत्र खेळ नाही, तो कौशल्याच्या एका मोठ्या खेळाचा भाग आहे, म्हणून त्याला जुगाराचा कायदा लागत नाही, असा न्यायपीठाचा निष्कर्ष होता. शेजारच्या बेल्जियममध्ये मात्र कंपनीने याच पॅकसाठी लागणाऱ्या ‘फिफा पॉइंट्स’ची विक्री जानेवारी 2019 च्या अखेरीस थांबवली, कारण तिथल्या नियामकाने तो जुगार ठरवला होता. अँटवर्पहून गाडीने निघालं तर तास-सव्वा तासात रॉटरडॅम येतं. तेवढ्या अंतरात एकच वस्तू जुगार ठरते आणि जुगार नाहीही ठरते.

अशा पेट्यांना जगभर ‘लूट बॉक्स’ म्हणतात. आपल्याकडची मुलं त्यांना क्रेट, स्पिन, लकी ड्रॉ अशा नावांनी ओळखतात. बाहेरचा आकार कोणताही असला तरी व्यवहार एकच असतो. खरे पैसे आधी द्यायचे आणि काय मिळालं ते नंतर कळायचं. गेल्या दहा वर्षांत वीसेक देशांच्या संसदा, न्यायालयं, ग्राहक-मंच आणि जुगार-नियामक या व्यवहाराला वेसण घालू पाहत आहेत. कुठे बंदी आली, कुठे आकडे जाहीर करण्याची सक्ती झाली, कुठे उद्योगावरच विश्वास टाकला गेला. या साऱ्या प्रयत्नांकडे एकत्र पाहिलं तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. ‘हा जुगार आहे का?’ या एका प्रश्नापाशी जिथे जिथे चर्चा अडकली, तिथे तिथे मुलं वाऱ्यावर राहिली. मुलांना हे विकावं का आणि विकायचं तर कोणत्या अटींवर, हे जिथे आधी विचारलं गेलं, तिथे थोडंफार काही हाती लागलं.

पेटी आली कुठून

या कल्पनेचं मूळ जपानमध्ये आहे. तिथे दुकानांबाहेर ‘गाशापोन’ची यंत्रं असतात. नाणं टाकून मूठ फिरवली की प्लास्टिकच्या गोळ्यात बंद केलेलं एखादं खेळणं बाहेर पडतं. या यंत्रावरून ‘गाचा’ हा शब्द आला आणि पुढे तो मोबाईल खेळांच्या एका अख्ख्या प्रकाराला चिकटला. पैसे देऊन उघडायच्या डिजिटल पेटीचं पहिलं ज्ञात उदाहरण ‘मेपलस्टोरी’ या खेळाच्या जपानी आवृत्तीत 2004 मध्ये आलं, असं मानलं जातं. 2009 मध्ये ‘फिफा’त अल्टिमेट टीम आली. 2010 मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने ‘टीम फोर्ट्रेस 2’मध्ये कुलूपबंद पेट्या आणि त्यांच्या विकतच्या किल्ल्या आणल्या. 2013 मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये बंदुकांवर चढवायच्या रंगीत ‘स्किन’ अशाच पेट्यांमधून मिळू लागल्या.

यामागचं अर्थकारण समजून घेतलं पाहिजे. पूर्वी खेळाची सीडी एकदा विकली की कंपनीची कमाई संपत असे. खेळ फुकट देऊन आतल्या वस्तू विकायला सुरुवात झाली तेव्हा कमाईला वरची मर्यादा उरली नाही, कारण एकच खेळाडू वर्षानुवर्षं खर्च करत राहू शकतो. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सला मार्च 2021 मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात एकट्या अल्टिमेट टीम या प्रकारातून 162 कोटी डॉलर मिळाले. कंपनीच्या त्या वर्षीच्या एकूण उत्पन्नाचा हा चौथ्या हिश्शाहून मोठा भाग होता. इतका पैसा ज्या पेटीतून येतो, ती कुणी आपण होऊन बंद करील ही अपेक्षा भाबडी आहे.

लोकांचा पहिला मोठा उद्रेक नोव्हेंबर 2017 मध्ये झाला. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्याच ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट 2’मध्ये प्रमुख पात्रं मिळवायला एक तर प्रचंड वेळ घालवायचा किंवा पेट्यांवर पैसे ओतायचे, अशी रचना होती. खेळाडूंनी रेडिटवर कंपनीच्या खुलाशाला दिलेल्या नापसंतीच्या मतांनी त्या संकेतस्थळावरचे आधीचे सगळे विक्रम मोडले. प्रकाशनाच्या आदल्या दिवशी कंपनीला खेळातली खरेदी थांबवावी लागली. खेळाडूंच्या संतापाला मंत्र्यांनी आणि नियामकांनी दाद द्यायला तिथून सुरुवात झाली.

पेटीची आतली रचना

पेटी नशिबावर चालते, एवढं म्हणून भागत नाही. तिची रचना अनेक पदरी असते आणि नियम करताना प्रत्येक पदराचा वेगळा विचार करावा लागतो.

पहिला पदर आभासी चलनाचा. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’मध्ये खेळाडू रुपये देऊन आधी एक प्रकारचे स्फटिक घेतो, त्यांचे दुसऱ्या प्रकारचे मणी करतो, मण्यांतून सोडतीचं तिकीट घेतो आणि मग सोडत काढतो. चौथ्या पायरीवर पोचेपर्यंत एका सोडतीला किती रुपये पडले, हा हिशेब डोक्यातून निघून गेलेला असतो. आपल्याकडच्या मुलांना ‘बीजीएमआय’मधले यूसी आणि ‘फ्री फायर मॅक्स’मधले डायमंड ठाऊक आहेत. टॉप-अपचे ठरावीक गठ्ठेच विकत मिळतात. त्यामुळे हवं ते घेऊन झाल्यावरही थोडं चलन उरतं आणि ते उरलेलं वाया जाऊ नये म्हणून पुन्हा टॉप-अप होतो.

दुसरा पदर शक्यतेच्या गणिताचा. समजा एखादी वस्तू निघण्याची शक्यता 1 टक्का आहे. शंभर वेळा प्रयत्न केला की ती मिळणारच, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात शंभर जणांनी प्रत्येकी शंभर वेळा सोडत काढली, तर त्यांतल्या साधारण 37 जणांना ती वस्तू मिळत नाही. एका सोडतीला 50 रुपये धरले तर या 37 जणांचे प्रत्येकी 5,000 रुपये गेलेले असतात. तीनशे सोडतींनंतर, म्हणजे 15,000 रुपये गेल्यावरही, शंभरांतले पाच जण रिकाम्या हातानेच उभे असतात. दहावी-बारावीतल्या मुलाने संभाव्यता शिकलेली असते, पण रात्री अकरा वाजता हातात फोन असताना कुणी हे गणित मांडत नाही.

तिसरा पदर मनाचा. बक्षीस केव्हा येईल हे ठरलेलं नसेल तर माणूस ती कृती सर्वाधिक चिकाटीने करत राहतो, हे बी. एफ. स्किनर यांच्या विसाव्या शतकातल्या प्रयोगांपासून मानसशास्त्राला माहीत आहे. कॅसिनोतलं स्लॉट मशीन याच तत्त्वावर चालतं. पेटी उघडताना चाक फिरतं, दुर्मीळ वस्तूच्या अगदी शेजारी येऊन थांबतं, दिवे लखलखतात, आवाज चढत जातो. ‘थोडक्यात हुकलं’ ही भावना जागी ठेवण्यासाठीच ही सजावट असते. वस्तू फक्त तीन दिवस मिळेल, ही उलटी मोजणी त्यात भर घालते.

चौथा पदर परतीच्या बाजाराचा. काही खेळांतल्या वस्तू कुठेच विकता येत नाहीत. ‘काउंटर-स्ट्राइक’च्या स्किन मात्र खेळाडू एकमेकांना विकतात आणि काही स्किनची किंमत हजारो डॉलरांत जाते. या स्किन पणाला लावून जुगार खेळवणारी बाहेरची संकेतस्थळं उभी राहिली. 2016 मध्ये व्हॉल्व्हला अशा वीसहून अधिक संकेतस्थळांना नोटिसा पाठवाव्या लागल्या.

अपाय किती, पुरावा किती

पेट्या उघडणारा प्रत्येक मुलगा जुगारी होतो, असं कोणताही जबाबदार संशोधक म्हणत नाही. पण जे हाती आलं आहे ते चिंता वाटावी इतकं ठोस आहे. डेव्हिड झेंडल आणि पॉल केर्न्स यांनी 2018 मध्ये 7,422 खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांना जुगाराची समस्या जितकी तीव्र, त्यांचा पेट्यांवरचा खर्च तितका जास्त, असा संबंध त्यात दिसला. नंतर वेगवेगळ्या देशांत झालेल्या पाहण्यांतही तो पुन्हा पुन्हा दिसला. त्याच वर्षी एरन ड्रमंड आणि जेम्स सॉअर यांनी 22 खेळ तपासले. त्यांपैकी जवळपास निम्म्या खेळांतल्या पेट्या जुगाराचे मानसशास्त्रीय निकष पूर्ण करत होत्या.

यातून कारण आणि परिणाम सिद्ध होत नाहीत, हा उद्योगाचा आक्षेप शास्त्रीय दृष्ट्या बरोबर आहे. पेट्यांमुळे जुगाराची सवय लागते की जुगाराकडे आधीच ओढा असलेली माणसं पेट्यांकडे जास्त खेचली जातात, हे पाहणीतून ठरत नाही. पण दोन्हींपैकी काहीही खरं असलं तरी नियमाची गरज टळत नाही. पहिलं खरं असेल तर पेटी नवे जुगारी घडवते. दुसरं खरं असेल तर ती आधीच दुबळ्या असलेल्या माणसाच्या खिशातून पैसे काढते. 2021 मध्ये जेम्स क्लोज आणि सहकाऱ्यांनी जुन्या पाहण्यांची आकडेवारी एकत्र करून तपासली, तेव्हा पेट्यांच्या उत्पन्नाचा सुमारे निम्मा भाग सर्वाधिक खर्च करणाऱ्या 5 टक्के लोकांकडून येतो, असं आढळलं. या वरच्या थरात जुगाराची समस्या असलेल्यांचं प्रमाण मोठं होतं. उत्पन्न ज्यांच्याकडून येतं त्यांतले कितीतरी जण स्वतःला आवरू न शकणारे असतील, तर त्या उत्पन्नावर समाजाने बोललंच पाहिजे.

जून 2019 मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या प्रतिनिधीने या पेट्यांना ‘आश्चर्याची योजना’ म्हटलं आणि चॉकलेटच्या अंड्यातून निघणाऱ्या खेळण्याचा दाखला दिला. आपल्याकडेही च्युइंगमसोबत क्रिकेटपटूंची चित्रं मिळायची, मुलं ती जमवायची, अदलाबदल करायची, हे खरं आहे. पण त्या वेळी दुकानापर्यंत चालत जावं लागे, हातातलं नाणं संपलं की खरेदी संपे आणि मिळालेलं चित्र कायमचं आपलं असे. फोनमधली पेटी चोवीस तास उघडी असते, घरच्या यूपीआयला जोडलेली असते आणि कोणत्या खेळाडूने किती वाजता किती खर्च केला याची बारीक नोंद विक्रेत्याकडे असते. फरक इतका मोठा असल्यावर जुने दाखले देऊन सुटका होत नाही.

जुगाराच्या व्याख्येची वाट

बेल्जियमच्या जुगार आयोगाने एप्रिल 2018 मध्ये ‘ओव्हरवॉच’, ‘फिफा 18’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक’ या खेळांतल्या पेट्या बेकायदा ठरवल्या. खेळ, लावलेला पण, हार-जीत आणि नशीब हे चार घटक एकत्र आले की तो जुगार, अशी तिथली व्याख्या आहे. बक्षिसाला बाजारभाव असलाच पाहिजे अशी अट तीत नाही. शिक्षाही कडक आहे : 8 लाख युरोंपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद, बळी अल्पवयीन असेल तर त्याहून जास्त. मोठ्या कंपन्यांनी तिथे विक्री थांबवली.

हा विजय वाटत होता. पण संशोधक लिऑन शाओ यांनी 2022 मध्ये बेल्जियममध्ये सर्वाधिक कमाई करणारे आयफोनवरचे 100 खेळ तपासले, तेव्हा त्यांतल्या 82 टक्के खेळांमध्ये पेट्या सर्रास विकल्या जात होत्या. ज्यांची नावं नियामकाने घेतली ते थांबले, बाकीच्यांना कुणी विचारलं नाही. कायदा युरोपातला सर्वांत कडक होता, पण हजारो खेळांवर रोज नजर ठेवणारी यंत्रणा त्याच्यामागे नव्हती.

ब्रिटनमध्ये 2005 चा जुगार कायदा बक्षिसाला पैशाचं मोल असण्याची अट घालतो. खेळातल्या वस्तू खेळातच राहत असतील तर आपला अधिकार तिथवर पोचत नाही, असं तिथल्या जुगार आयोगाने सांगितलं. 2019 मध्ये कनिष्ठ सभागृहाच्या समितीने आणि 2020 मध्ये उमरावांच्या सभागृहाच्या समितीने कायदा बदलण्याची स्पष्ट शिफारस केली. सरकारने मतं मागवली, दोन वर्षं विचार केला आणि जुलै 2022 मध्ये कायदा न बदलता उद्योगाला स्वतःहून सुधारायला सांगितलं. उद्योगसंघटनेने जुलै 2023 मध्ये अकरा तत्त्वं जाहीर केली. पालकांच्या संमतीशिवाय 18 वर्षांखालच्यांना पेट्या विकू नयेत, हे त्यांत आहे. तत्त्व चांगलं आहे. ते मोडणाऱ्याला शिक्षा मात्र कायद्याने ठेवलेली नाही.

व्याख्येची वाट अशी निसरडी आहे. फ्रान्समध्ये व्हॉल्व्हने 2019 मध्ये नवी सोय काढली. पेटीत काय आहे ते आधी ‘क्ष-किरण’ यंत्रात दिसायचं आणि मग घ्यायचं की नाही ते खेळाडूने ठरवायचं. पण दिसलेली वस्तू विकत घेतल्याशिवाय पुढची पेटी तपासता येत नसे. नशिबाचा घटक एका पायरीने पुढे सरकला आणि कागदावर तो जुगार राहिला नाही.

आकडे जाहीर करण्याची वाट

चीनच्या संस्कृती मंत्रालयाने मे 2017 पासून प्रत्येक पेटीतल्या वस्तूंची शक्यता जाहीर करणं सक्तीचं केलं. त्या वर्षाच्या अखेरीस ॲपलने आणि 2019 मध्ये गुगलने आपापल्या दुकानांतल्या खेळांना तीच अट घातली. पण आकडे जाहीर करणं आणि ते खेळाडूला दिसणं यांत मोठं अंतर असतं. चीनमधल्या सर्वाधिक कमाईच्या 100 आयफोन खेळांच्या अभ्यासात बहुतेक खेळांनी शक्यता कुठे ना कुठे दिल्याचं दिसलं. खरेदीच्या क्षणी डोळ्यांसमोर येतील अशा रीतीने देणारे मात्र मोजकेच होते. बाकीच्यांनी त्या संकेतस्थळाच्या कोपऱ्यात किंवा चार बटणांच्या मागे ठेवल्या होत्या.

दक्षिण कोरियाचा अनुभव याहून बोलका आहे. ‘मेपलस्टोरी’ची कंपनी नेक्सॉन हिने ‘क्यूब’ नावाच्या विकतच्या वस्तूमागची शक्यता गुपचूप कमी केली होती. काही बहुमोल जोड्या निघण्याची शक्यता तर चक्क शून्य केली होती आणि हे खेळाडूंना सांगितलं नव्हतं. लोक जे कधीच निघणार नव्हतं त्यासाठी पैसे भरत राहिले. 2021 मध्ये कोरियन खेळाडूंनी कंपन्यांच्या दारात फलक लावलेले ट्रक उभे करून निषेध केला. जानेवारी 2024 मध्ये तिथल्या निकोप व्यापार आयोगाने नेक्सॉनला सुमारे 11.6 अब्ज वॉनचा दंड केला आणि 22 मार्च 2024 पासून शक्यता जाहीर करणं कायद्याने बंधनकारक झालं. जाहीर केलेला आकडा खरा आहे का, हे तपासणारा तिसरा कुणी नसेल तर त्या आकड्याला काडीची किंमत नाही, हा धडा कोरियाने लाखो खेळाडूंच्या खर्चाने शिकला.

नेमकी बंदी आणि वयाची वाट

सगळ्यात आधी आणि सगळ्यात नेमकं पाऊल उचललं ते जपानने. तिथे 2012 च्या सुमारास ‘कोम्पू गाचा’चा सुळसुळाट होता. सोडतीतून निघणाऱ्या ठरावीक वस्तूंचा पूर्ण संच जमला की एक खास बक्षीस मिळायचं. सहा वस्तूंचा संच असेल आणि प्रत्येकीची शक्यता सारखी असेल, तरी पहिली वस्तू पहिल्या सोडतीत मिळते आणि शेवटच्या एका वस्तूसाठी सरासरी सहा सोडती लागतात. प्रत्यक्षात शेवटच्या वस्तूंची शक्यता मुद्दाम कमी ठेवली जाई. पाच वस्तू जमलेला माणूस मागे फिरत नाही, हे विक्रेत्याला पक्कं ठाऊक होतं. ग्राहक व्यवहार संस्थेने मे 2012 मध्ये हा प्रकार भेटवस्तू आणि बक्षिसांविषयीच्या जुन्या ग्राहक कायद्याखाली बेकायदा असल्याचं सांगितलं. ग्री आणि डीएनए या कंपन्यांचे समभाग कोसळले आणि दोन महिन्यांच्या आत तो प्रकार संपला. जुगाराची व्याख्या उकरावी लागली नाही. साधा ‘गाचा’ मात्र चालू राहिला. पुढे ‘ग्रॅनब्लू फँटसी’ या खेळात एका पात्रासाठी एका खेळाडूने सुमारे 7 लाख येन खर्च केल्यावर गदारोळ झाला. तेव्हा कंपनीने 300 सोडतींनंतर हवं ते पात्र देण्याची कमाल मर्यादा आणली. ही मर्यादाही मोठ्या रकमेचीच आहे, पण खर्चाला वरची मर्यादा असावी हे तत्त्व तिने मान्य केलं.

ऑस्ट्रेलियाने 22 सप्टेंबर 2024 पासून विकतच्या पेट्या असलेल्या नव्या खेळांना किमान ‘एम’ वर्ग दिला. हा वर्ग पंधरा वर्षांखालच्यांसाठी योग्य नसल्याचा सल्ला देतो, विक्री रोखत नाही. कॅसिनोची नक्कल करणारे खेळ मात्र 18 वर्षांवरच्यांपुरतेच ठेवले. अमेरिकेत जानेवारी 2025 मध्ये संघीय व्यापार आयोगाने ‘गेन्शिन इम्पॅक्ट’च्या कंपनीशी 2 कोटी डॉलरची तडजोड केली. पालकांच्या संमतीशिवाय 16 वर्षांखालच्यांना पेट्या विकायच्या नाहीत, शक्यता आणि आभासी चलनाचे दर उघड करायचे, या त्यातल्या अटी. ब्राझीलने याहून पुढे जाऊन सप्टेंबर 2025 मध्ये मुलांच्या डिजिटल संरक्षणाचा कायदा केला. मुलांसाठी असलेल्या किंवा मुलं वापरण्याची शक्यता असलेल्या खेळांत पेट्यांवर त्याने सरळ बंदी घातली आणि अंमलासाठी मार्च 2026 चा काळ ठरवला. तिथे प्रश्न जुगार-कायद्याच्या चौकटीतून काढून बालहक्कांच्या चौकटीत ठेवला गेला. मला हे या क्षेत्रातलं आजवरचं सर्वांत शहाणपणाचं पाऊल वाटतं.

भारतात आपण कुठे आहोत

आपल्या घटनेत सट्टा आणि जुगार हा राज्यांचा विषय आहे. महाराष्ट्रात अजून 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा चालतो, काही राज्यांत 1867 चा केंद्रीय कायदा. चमारबागवाला प्रकरणांपासून, म्हणजे 1957 पासून, सर्वोच्च न्यायालयाने कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ यांत भेद केला आणि 1968 मध्ये रमी कौशल्यात मोडते असं म्हटलं. पेटीला हीच फूटपट्टी लावली तर नेदरलँड्समध्ये झालं तेच इथे होईल. ‘बीजीएमआय’ खेळायला कौशल्य लागतं हे कुणीही मान्य करील, पण त्यातला क्रेट उघडायला बोटाखेरीज काही लागत नाही. मोठ्या खेळाच्या आडोशाला ही छोटी सोडत सुरक्षित राहते.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचं संवर्धन व नियमन करणारा कायदा केला आणि कौशल्य-नशीब हा भेदच बाजूला ठेवला. पैसे किंवा अन्य पण लावून, त्या बदल्यात पैशांच्या व अन्य लाभाच्या अपेक्षेने खेळलेला ऑनलाइन खेळ ‘मनी गेम’ ठरतो. तो चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पणाच्या व्याख्येत पैसे देऊन घेतलेली आभासी नाणी, टोकन आणि वस्तूही येतात. म्हणजे यूसी आणि डायमंड हेही ‘पण’ ठरू शकतात. पेच पुढे आहे. ज्या स्किनला बाहेर कुणी एक रुपयाही देणार नाही, ती मिळणं हा या कायद्याच्या अर्थाने लाभ आहे का? कायद्यात लूट बॉक्सचा उल्लेख नाही. मनोरंजनासाठीच्या ‘सोशल गेम’ला वर्गणी किंवा प्रवेश-शुल्क घेण्याची मुभा आहे, पण खेळाच्या आतल्या सोडतीविषयी कायदा काही सांगत नाही. ड्रीम 11 सारख्यांचे पैशांचे सामने या कायद्याने थांबले. क्रेट मात्र उघडतच राहिले.

या पोकळीत दुसरे काही कायदे अर्धवट मदत करतात. 1872 चा करार कायदा अल्पवयीन व्यक्तीला करार करण्यास पात्र मानत नाही. त्यामुळे मुलाने परस्पर केलेल्या खरेदीचे पैसे परत मागायला पालकांकडे आधार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या 13 प्रकारच्या मांडण्यांवर बंदी आणली. खोटी घाई निर्माण करणं त्यात आहे, यादृच्छिक विक्री नाही. 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 18 वर्षांखालच्यांच्या वर्तनावर पाळत ठेवायला आणि त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई करतो. ही तरतूद खेळांवर नेटाने लागू झाली तर पेटीचं एक मोठं हत्यार बोथट होईल.

‘बीजीएमआय’ 2021 मध्ये भारतात आला तेव्हा 18 वर्षांखालच्यांसाठी दिवसाला तीन तास आणि 7,000 रुपये अशी मर्यादा ठेवली गेली. मर्यादा ठेवली हे स्वागतार्हच. पण दिवसाला 7,000 म्हणजे महिन्याला 2 लाखांहून जास्त. महाराष्ट्रातल्या किती घरांची एवढी मिळकत आहे? मर्यादा किती असावी हे विक्रेत्याने ठरवलं की ती इतकी उंच जाते.

गोव्यात मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर 21 वर्षांखालच्या माणसाला प्रवेश नाही. महाराष्ट्राने 1976 मध्ये केलेला कॅसिनो कायदा कधी अमलात आणलाच नाही आणि 2023 मध्ये तो रद्दच करायचा निर्णय घेतला. प्रौढांच्या जुगाराबाबत इतकी काळजी घेणारी ही दोन राज्यं आठवीतल्या मुलाच्या फोनमधल्या फिरत्या चाकाविषयी गप्प आहेत.

काय करायला हवं

जगाच्या अनुभवातून माझ्या मते पाच गोष्टी निघतात आणि त्या केंद्राच्या ऑनलाइन गेमिंग कायद्याखालच्या नियमांत स्पष्ट कलमांनी आल्या पाहिजेत.

पहिली, 18 वर्षांखालच्यांना पैसे घेऊन यादृच्छिक वस्तू विकायची नाही. वस्तूला भाव लावून ती थेट विकायला कुणाची हरकत नाही. ब्राझीलप्रमाणे हे कलम बालसंरक्षणाचं असावं, म्हणजे जुगाराच्या व्याख्येचा वाद न्यायालयात वर्षानुवर्षं चालला तरी मुलं उघड्यावर राहणार नाहीत. दुसरी, प्रौढांसाठी प्रत्येक सोडतीची किंमत रुपयांत आणि शक्यता टक्क्यांत, खरेदीच्या बटणाशेजारीच दिसली पाहिजे. तिसरी, या शक्यता सरकारमान्य स्वतंत्र तपासनिसाने सर्व्हरवर तपासाव्यात आणि खोट्या निघाल्या तर दंड उलाढालीच्या प्रमाणात व्हावा. चौथी, प्रत्येक वस्तूसाठी खर्चाची कमाल मर्यादा ठरलेली असावी आणि खात्याची मासिक मर्यादा नियामकाने ठरवावी, विक्रेत्याने नव्हे. पाचवी, जबाबदारी ॲपच्या दुकानांवरही टाकावी. खेळ हजारो आहेत, दुकानं दोनच. बेल्जियमच्या नियामकाला जे जमलं नाही ते या दोन दारांवर पहारा ठेवून जमू शकतं.

यामुळे खेळ बुडतील, छोटे भारतीय स्टुडिओ मरतील, असं सांगितलं जातं. हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही, कारण पुण्या-मुंबईत खेळ बनवणाऱ्या मराठी तरुणांचा रोजगार त्यात आहे. पण ‘रॉकेट लीग’ने 2019 च्या अखेरीस बंद पेट्या काढून टाकल्या आणि तो आजही जोमात चालतो. ‘फोर्टनाइट’चा मुख्य खेळ भाव लावलेल्या वस्तू आणि हंगामी पास विकून जगातल्या सर्वाधिक कमाईच्या खेळांत बसला. पाससुद्धा निर्दोष नाही, पण त्यात काय मिळणार ते आधी दिसतं. चांगला खेळ बनवणाऱ्याला उघड भावाची भीती असण्याचं कारण नाही.

प्रौढ माणसाने आपले पैसे कशावर उधळावेत, हे सांगायचा अधिकार मला नको आहे. त्याला किंमत आणि शक्यता खरी कळावी, इतकीच मागणी आहे. मुलांची गोष्ट वेगळी आहे. तेरा वर्षांच्या मुलाला आपण लॉटरीचं तिकीट विकत नाही. त्यावर कुणी व्याख्येचा वाद घालत नाही. पडद्यावरच्या सोडतीला वेगळा न्याय लावण्याचं एकही पटण्याजोगं कारण गेल्या दहा वर्षांच्या चर्चेत पुढे आलेलं नाही.

कायदा येईपर्यंत पालकांनी तीन गोष्टी आजच कराव्यात. फोनच्या ॲप-दुकानात प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा पालकाची मंजुरी लावावी. यूपीआयचा पिन मुलांना देऊ नये. परस्पर पैसे गेले असतील तर आधी दुकानाकडे परतावा मागावा आणि दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. नोंदलेल्या तक्रारींमधूनच नियामकाला प्रश्नाचा आकार कळतो. मुलांना रागावण्याआधी त्यांच्याजवळ बसून एकदा ते 1 टक्क्याचं गणित मांडून पाहावं. आणि आपल्या आमदार-खासदारांना विचारावं : मुलांना नशीब विकण्यावर बंदी घालणारं कलम तुम्ही केव्हा मांडणार?